अकरावा रकाना

४ फेब्रुवारी

दाजी,

'सप्रेम नमस्कार' लिहिणं जमणार नाही, म्हणून नुसतंच दाजी. बारा वर्षांतलं हे माझं तुम्हाला पहिलं पत्र. खुशाली विचारायला लिहिलेलं नाही. तुमची खुशाली ताईच्या फोनवरून कळते, न विचारता कळते. गुडघे दुखतात, अंगणात गुलाब लावलेत, शेजारीपाजारी अजून 'कॅप्टन' म्हणतात. म्हणोत बापडे.

काम असं आहे. नवं परिपत्रक निघालंय. तुम्ही वाचलं नसेल, तुम्हाला गरजही नाही. वैमानिकांचं पान पहिल्या पंगतीतच वाढलेलं असतं. विमानात बसून ज्यांचा जन्म गेला पण सुकाणू ज्यांच्या हातात नव्हतं, ते आत्ता कुठे कुणाच्या ध्यानात आलेत. मी ते आठ वेळा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. आजवर उड्डाणभत्ता पगारापासून वेगळा धरत. माणूस विमानातून उतरवला की भत्ता बंद, आणि पेन्शन मोजायचं नुसत्या पगारावर. आता वीस वर्षांच्या वर उड्डाण केलेल्यांचा भत्ता पगारातच धरणार आणि पेन्शनही त्यावर मोजणार. निवृत्तांनाही लागू. मेख एकच. निवृत्तीच्या आधीच ज्याला कायमचं जमिनीवर आणलं, त्याचं दुखणं उड्डाणातून आलेलं असलं पाहिजे. घरी न्हाणीघरात घसरून पडला असेल तर त्याने घरी बसावं.

माझ्या कागदावर लिहिलंय, 'डाव्या कानाचा संसर्ग, रजेच्या काळात. सेवेशी संबंध नाही.'

तेवीस वर्षं मी तुमच्यासारख्यांच्या पाठीमागे आडव्या खुर्चीत बसून चार इंजिनांचे काटे वाचले. फ्लाइट इंजिनीअर म्हणत मला. आणि पेन्शनच्या पुस्तकात माझा हुद्दा काय आहे, ठाऊक आहे? 'भूसेवक.' शेवटची चार वर्षं मला भांडारात नटबोल्ट द्यायला बसवलं, तोच हुद्दा चिकटला. बँकेतली मुलगी विचारते, "काका, तुम्ही विमानतळावर कामाला होता का?" मी मान हलवतो. काय सांगणार?

तो संसर्गाचा कागद का झाला आणि कुणासाठी झाला, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या शब्दाखातर मी त्यावर सही केली. आता तुम्ही सही करा. सोबत नमुना आहे. ज्या कॅप्टनच्या हाताखाली शेवटचं उड्डाण केलं, त्याचं प्रमाणपत्र लागतं. कान इंजिनाच्या आवाजाने गेला, एवढंच लिहायचं. पंधरा एप्रिल ही शेवटची तारीख. उपकार मागत नाही, हक्क मागतोय.

तुमचा मेहुणा
(हे नातं मी निवडलेलं नाही)


१९ फेब्रुवारी

दाजी,

माझा नमुना कोराच परत आला. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. फक्त अकराव्या रकान्याभोवती पेन्सिलीने गोल आणि बाजूला दोन शब्द, 'तारीख काय?'

वा! बारा वर्षांनी तोंड उघडलंत ते यासाठी.

अकरावा रकाना मलाही वाचता येतो. 'आजार प्रथम जाणवल्याची तारीख.' तुमच्या त्या पेन्सिलीचा अर्थही मला कळतो. रजेतली तारीख घातली तर मी तेव्हा उडतच नव्हतो, म्हणजे अर्ज बाद. आणि त्या दिवसाच्या आधीची घातली तर कुणीतरी विचारणार की कान आधीपासून गेला होता, तर त्या दिवशी तुम्ही विमानात काय करत होता? हेच ना तुमच्या पोटात दुखतंय? स्वतःची कातडी वाचवायची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

तुम्हाला 'तो दिवस' म्हटलेलं आवडत नसेल, तर स्पष्ट लिहितो. ज्या दिवशी तुम्ही आडव्या वाऱ्यात विमान धावपट्टीवर आपटलंत आणि मागे माल चढवणारा-बांधणारा आपला लोडमास्टर लाकडी खोक्यावर पाठीवर पडला, तो दिवस. आपण त्याला 'गाठोडं' म्हणायचो. दिसेल ते बांधून टाकायचा. चहाचा थर्मास, माझी टोपी, एकदा तर झोपलेल्या सहवैमानिकाच्या बुटांच्या नाड्या. त्याच माणसाच्या अहवालात आलं की तो पट्टा सोडून, परवानगी न घेता उठला. पाठीचा कणा मोडला तो त्याच्या स्वतःच्या चुकीने.

अहवालाखाली पहिली सही तुमची आहे, माझी दुसरी. क्रम विसरू नका.

तारीख तुम्हीच ठरवा. कॅप्टन तुम्ही होतात.


६ मार्च

दाजी,

ताईला पाठवायची काही गरज नव्हती. तुम्ही म्हणाल, ती आपणहून आली. असेल. पण तिने आणलेल्या परिपत्रकावर लाल पेनाने रेघा मारलेल्या होत्या आणि इतकी सरळ रेघ तुमच्या घरात एकच माणूस मारतो.

ती आली, चप्पल काढली, पाणीही न पिता चष्मा लावून बसली. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, तिला वाटतं जगातल्या प्रत्येक भानगडीची एक सनावळी असते.

"अरे, तारीख लिहायला काय होतंय तुला? जी आहे ती लिही."

"आठवत नाही."

"तुला? वीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा तेलदाब तुला पाठ असतो."

"ताई, तू यात पडू नकोस."

"पडले नाही, बसलेय," ती म्हणाली. "आई गेली ते वर्ष आठव. मी सकाळपासून तुझ्या दाराची घंटा वाजवत होते आणि तू आत खुर्चीत उजव्या कानाला रेडिओ लावून पेपर वाचत होतास. शेवटी शेजारच्यांनी खिडकीतून हाक मारली. मी तेव्हाच म्हटलं होतं, याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तेच वर्ष लिही. आईचं वर्ष कुणी विसरत नाही."

आणि मग ती बोटं मोजायला लागली. मी तिच्या बोटांकडे बघत बसलो. आई गेली त्यानंतर दोन वर्षांनी ते लँडिंग.

"म्हणजे..." ती म्हणाली आणि थांबली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे त्या दिवशी तुला ऐकू येत नव्हतं?"

मी परिपत्रकाची घडी घालत राहिलो. ती उठली, चप्पल घातली. दारात म्हणाली, "आणि यांना माहीत होतं?"

ते उत्तर तुम्ही द्या. तुमची बायको आहे.

आता ती घरी येऊन गप्प बसली असेल, म्हणून एवढं लिहितो. हो, कान आधीच गेला होता. दर वर्षीच्या तपासणीत काचेच्या खोलीत बसवतात, कानाला यंत्र लावतात, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. डाव्या कानातली शिट्टी मला ऐकू येत नव्हती. पण बाहेर बसलेल्या तंत्रज्ञाचा खांदा हलला की शिट्टी वाजते, हे मी हेरलं होतं. दोन वर्षं मी त्याच्या खांद्यावर पास झालो. मी एकटाच असं करायचो असं समजू नका. जमिनीवर यायचं म्हणजे काय, हे वैमानिकाला कळणार नाही. तुम्हाला खाली उतरवलं की कार्यालय देतात. आम्हाला भांडार.

पण तुमचं लँडिंग तुमचंच होतं. वारा माझ्या कानातून आला नव्हता.


२३ मार्च

दाजी,

मी गाठोड्याकडे जाऊन आलो. ताईने तुम्हाला सांगण्याआधी मीच सांगतो. आणि का गेलो तेही सांगतो, म्हणजे तुमचं माझ्याविषयी जे वाईट मत आहे त्यात कमतरता नको. परिपत्रकात एक पोटकलम आहे. कॅप्टनने प्रमाणपत्र नाकारलं तर सोबतच्या कुणाही कर्मचाऱ्याचं चालतं. सहवैमानिक परदेशात जाऊन बसलाय, त्याचा पत्ता कुणाकडे नाही. उरला गाठोडं. त्याची सही आणायला मी गेलो होतो. हो, त्याचीच. इतका मी निर्लज्ज आहे.

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो तो. रस्त्याला लागूनच खोली आहे, पुढे दोन शिलाई यंत्रं, मागे घर. पाय चालत नाहीत म्हणून यंत्राला हाताचा दांडा बसवून घेतलाय. चाकांच्या खुर्चीत बसून कापड ओढत होता. बायको कात्रीने रेक्झीन कापत होती. मला पाहिल्यावर त्याने यंत्र थांबवलं नाही. ती शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, मग म्हणाला,

"बोला, इंजिनीअरसाहेब. कुठली गाडी आणलीत?"

मी कागद पुढे केला. त्याने वाचला. सावकाश, एकेक रकाना.

"म्हणजे तुमचा कान विमानात गेला, असं मी लिहून द्यायचं."

"खरंच तसं आहे."

"खरंच आहे," तो म्हणाला. "मला बारा वर्षांपासून माहीत आहे. हेडसेटवर मागचा आवाज तुमच्या डाव्या कानात यायचा. मी त्यावर विचारलं होतं, 'मधल्या खोक्याचा पट्टा सुटतोय, उठू का?' तुम्ही म्हणालात, 'हो, हो.' माझं वाक्य संपायच्या आत. तुम्ही सगळ्यालाच 'हो, हो' म्हणायचात त्या दिवसांत. आम्ही मागे बसून हसायचो. इंजिनीअरसाहेबांना मुलगी मागितली तरी 'हो, हो' म्हणतील."

मी म्हटलं, "तू तेव्हा चौकशीत हे सांगितलंस ना?"

"तीनदा सांगितलं. त्यांनी कॅप्टनना विचारलं, मागून कुणी बोललं का? कॅप्टन म्हणाले, मी टॉवरशी बोलत होतो, काही ऐकलं नाही. तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, कुणी बोललंच नाही. बहिऱ्याने शपथेवर सांगितलं की आवाज आला नाही, आणि त्यांनी ते मानलं."

त्या जुन्या विमानात आवाज टिपणारी पेटी असती तर! नव्हती.

मग तो जे बोलला ते तसंच्या तसं लिहितो, कारण परतीच्या बसमध्ये मला दुसरं काही सुचलं नाही. आवाज चढवून बोलला नाही. बायकोकडे बघतही नव्हता.

"परिपत्रक मीही वाचलंय, साहेब. मला लागू नाही. 'स्वतःच्या चुकीने जखमी', म्हणून. त्याचं काही नाही, हात आहेत, शिवतो. पण इतकी वर्षं मी एकच गोष्ट सांगतोय की मी विचारून उठलो होतो. सुरुवातीला हिचा विश्वास होता. मग एक दिवस हीच म्हणाली, 'अहो, विमानाच्या घाईत तुम्ही विसरला असाल.' त्यानंतर मी घरात तो विषय काढला नाही."

कात्री थांबली होती. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान वर केली नाही.

गाठोड्याने कागद घडी करून माझ्या खिशात घातला. "सही देत नाही. खरं लिहून आणा, मग बघू. आता जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

घरी आलो तर तुमचं पाकीट. प्रमाणपत्र. सही, शिक्का, सगळं. आणि अकराव्या रकान्यात लँडिंगचीच तारीख, पुढे तुमच्या सुबक अक्षरात, 'उतरतानाच्या दणक्याने डाव्या कानाला इजा.'

किती हुशार आहात हो तुम्ही! आधी नाही, नंतर नाही, त्याच क्षणी. विमान टेकेपर्यंत माझा कान शाबूत, टेकल्यावर गेलेला. मग 'हो' म्हटलं कुणी, हा प्रश्नच येत नाही. मी 'भूसेवक' राहात नाही, तुमचा अहवाल खोटा ठरत नाही, आणि गाठोडं आहे तिथेच.

तो कागद टेबलावर आहे. तीन दिवस झाले. मी त्याच्यावर पेपर टाकून ठेवतो आणि पुन्हा काढून वाचतो.


११ एप्रिल

दाजी,

तुम्हाला विचारत नाही, कळवतोय.

काल अर्ज टाकला. तुमचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही. ते या पाकिटात परत आहे, सांभाळा. अकराव्या रकान्यात आई गेली ते वर्ष लिहिलं. साक्षीदार म्हणून ताईने सही केली. हो, ताईने. घंटेची गोष्ट तिने स्वतःच्या हाताने लिहून दिली आणि जाताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तुमच्याशीही बोलत नसेल. आपण दोघांनी मिळून तिच्याकडून एवढं एकच एकमताने करून घेतलंय.

सोबत वेगळं निवेदन दिलं आहे, दीड पानाचं. त्यात तपासणीतला खांदा आहे. हेडसेटवरचा प्रश्न आहे आणि माझं उत्तर आहे. लोडमास्टर परवानगी मागून, परवानगी मिळाल्यावर, माल सुटू नये म्हणून उठला, असं लिहिलंय. मी ते वाक्य चार वेळा लिहून काढलं, कारण प्रत्येक वेळी त्यात 'बहुधा' घुसत होतं. शेवटी काढलं.

तुमच्याविषयी एवढंच लिहिलं की कॅप्टनला मागचा आवाज एका कानात ऐकू येत होता. लँडिंगमध्ये तुमची चूक नव्हती, हेही लिहिलं. वारा तसाच होता, दुसऱ्या कुणाच्या हातून याहून वाईट झालं असतं. पहिल्या पत्रांत मी तुम्हाला जे बोललो, ते मला वाटत नव्हतं तेव्हाही. पण म्हणून माफी मागत नाही. तुम्ही ऐकलं होतं, दाजी. गाठोड्याचा प्रश्नही आणि माझा 'हो'ही. टॉवरशी बोलता बोलता तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत, मला ते दिसलं होतं. आणि चौकशीत तुम्ही म्हणालात, काही ऐकलं नाही. कान माझा गेला होता, तुमचा नाही.

चौकशी पुन्हा उघडेल. बोलावणं येईल. गुलाबांना पाणी घालायला कुणाला तरी सांगून ठेवा.


३० ऑगस्ट

दाजी,

निकालाची प्रत तुम्हालाही आली असेल. तरी लिहितो.

लोडमास्टरच्या कागदावरचा 'स्वतःच्या चुकीने' हा शेरा काढला. 'कर्तव्यावर असताना, आदेशानुसार' असं त्या जागी आलं. त्याचं पेन्शन नव्याने, लोडमास्टर म्हणूनच मोजणार. प्रत घेऊन मीच गेलो. पोस्टाने आली असती, पण गेलो. त्याने ती बायकोच्या हातात दिली. "मोठ्याने वाच," म्हणाला. तिने वाचली. मधेच ती थांबली, तर तो म्हणाला, "थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच." ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली, मग त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. मी तिथे उभा होतो, पण माझं तिथे काही काम नव्हतं. निघालो तेव्हा कुणी थांबवलं नाही.

माझं असं झालं. कान इंजिनाने गेला हे मान्य. पण दोन वर्षं आजार लपवला, शपथेवर खोटं बोललो, म्हणून नव्या नियमाचा लाभ नाही. हुद्दा आहे तोच. दाद मागता येते म्हणे. मागणार नाही. तुमच्या नावावर ठपका आला. तुम्हाला त्याने काय होणार आहे म्हणा. पण ताई म्हणाली, तुम्ही दारावरची 'कॅप्टन' पाटी काढलीत. पाटी काढायला कुणी सांगितलं होतं?

आता चौकशीच्या दिवसाचं. हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे.

चौकशी समितीतल्या त्या तिघांनी विचारलं, "हा संसर्गाचा खोटा दाखला करायची कल्पना कुणाची?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझी." असे ताठ बसून. जसं काही अजून चार पट्ट्या खांद्यावर आहेत. मला इतका संताप आला की खुर्ची सरकवून उभा राहिलो. "नाही," मी म्हटलं. "माझी." अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या पत्रांत तुम्ही काही वेगळं लिहिलंय का?" मी म्हटलं, "पत्रांत मी खोटं लिहिलंय." ताईने ती पत्रं त्यांना दिली नव्हती, हे मला नंतर कळलं. त्यांनी नुसता खडा टाकला होता.

मग मी सांगितलं. तुम्ही खाली बघत होतात, म्हणून तुम्ही ऐकलं की नाही मला माहीत नाही. इथे पुन्हा लिहितो. लष्करी इस्पितळाच्या मागच्या जिन्यावर तुम्ही मला म्हणालात, "आत जाऊ आणि जे झालं ते सांगू. त्या पोराचा कणा मोडलाय." तुम्ही तीन पायऱ्या चढलाही होतात. मी तुमचा हात धरला. मी म्हटलं, ताईचा विचार करा. म्हटलं, तिचा भाऊ तुरुंगात गेला तर ती तुमच्याकडे कोणत्या तोंडाने बघेल. रडलो, पाया पडलो. तुम्ही जिन्याचा कठडा धरलात. मग खाली उतरलात. दुसऱ्या दिवशी दाखल्याची सोय मी केली, डॉक्टरही मी शोधला. तुम्ही फक्त गप्प बसलात.

त्यानंतर मी तुमच्या घरी आलो नाही. ताईला वाटायचं, पदोन्नतीचा हेवा. लोकांना वाटायचं, काही पैशाअडक्याचं असेल. तसं काही नव्हतं. तुम्ही माझं ऐकलंत, त्याचा राग होता. तो अजून गेलेला नाही, आणि जाईल असंही वाटत नाही. मी घाबरलेला माणूस होतो. घाबरलेला माणूस काय वाटेल ते मागतो.

तुम्ही 'नाही' म्हणायला हवं होतं. तुम्ही कॅप्टन होतात.